एमएस असलेल्या माणसाची रोजची कामं कशी तपासावीत

‘बार्थेल ९५, पूर्ण स्वावलंबी’ असा शेरा असलेला कागद घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. बार्थेल म्हणजे रोजची कामं स्वतः किती करता येतात याचे १०० पैकी गुण. वय चाळिशीच्या आतलं. आंघोळ स्वतः करतात, कपडे स्वतः घालतात, जेवतात, जिना चढतात. सगळं खरं होतं. मग मी विचारलं, “आंघोळ झाल्यावर काय करता?” म्हणाल्या, “तासभर पडून राहते. उठले की पोळ्या करायच्या असतात, पण कणीक सासूबाई मळतात. केस विंचरायला हात वर राहत नाहीत म्हणून गेल्या वर्षी बॉबकट केला.”

यातली एकही गोष्ट त्या कागदावर नव्हती. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होणारा आजार), तपासणी बहुतेक वेळा इथेच फसते. काम ‘येतं का’ एवढंच आपण विचारतो. किती वाजता येतं, कशाच्या आधाराने येतं आणि केल्यावर उरलेल्या दिवसाचं काय होतं, हे विचारत नाही. नव्याने काम सुरू केलेले ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि घरच्या घरी नोंद ठेवू पाहणारे नातेवाईक, तिघांनाही उपयोगी पडेल असा क्रम पुढे देते आहे. क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

टप्पा १ : भेट ठरवण्याआधी

फोनवर चार गोष्टी विचारा.

ताप, लघवीला जळजळ, खोकला आहे का? संसर्ग असला की एमएसची जुनी लक्षणं उफाळून येतात आणि नवा झटका (म्हणजे आजार पुन्हा उसळणं, फिट नव्हे) आल्यासारखं वाटतं. हात-पाय अचानक जड झाले असतील तर आधी डॉक्टरांकडे पाठवा, लघवी तपासून घ्या. तपासणी पुढे ढकला.

नुकताच झटका येऊन गेला आहे का, स्टेरॉइडची सलाइनं झाली आहेत का? तसं असेल तर आज मिळणारे आकडे ‘नेहमीची स्थिती’ म्हणून वापरता येणार नाहीत. झटक्यातून सावरायला आठवडे लागतात, कधी महिने. घरी जाण्यापुरती तातडीची तपासणी जरूर करा, पण कागदावर तसं स्पष्ट लिहा.

औषधं कोणती आणि किती वाजता? बॅक्लोफेनसारखं ताठरपणाचं औषध घेतल्यावर पाय सैल पडतात, कुणाला गुंगी येते. औषध घेतल्यावर अर्ध्या तासाने केलेली तपासणी आणि पुढच्या डोसच्या आधी केलेली तपासणी यांत चांगलाच फरक दिसू शकतो. वेळ लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तीच वेळ धरता येईल.

दिवसातला वाईट वेळ कोणता? बहुतेक जण ‘दुपारनंतर’ म्हणतात. आपण मात्र भेट सकाळी अकराची देतो, कारण ती आपल्या सोयीची असते. दोन भेटी ठरवा, एक सकाळची आणि एक दुपारी चारनंतरची. दोन जमत नसतील तर दुपारचीच घ्या.

सोबत नेण्याचं सामान फार नाही. घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर, मोजपट्टी, नोंदवही, हव्या त्या प्रश्नावल्या आणि पाण्याची बाटली. बाटली तुमच्यासाठी नाही. लघवी आवरत नाही या भीतीने बरेच रुग्ण भेटीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ‘संडास घरात आहे, पाणी प्या’ हे फोनवरच सांगा.

*सावध :* एप्रिल-मे महिन्यातली तपासणी आणि डिसेंबरमधली तपासणी एकमेकींशेजारी ठेवून ‘खालावले’ असा निष्कर्ष काढू नका. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी एमएसमध्ये लक्षणं वाढतात आणि अंग गार झालं की पूर्ववत होतात. खोलीत पंखा होता की एसी, बाहेर ऊन किती होतं, एका ओळीत लिहा.

टप्पा २ : कालचा दिवस सांगायला लावा

प्रश्नावली लगेच काढू नका. “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?” एवढंच विचारा आणि ऐका. ‘रोज काय करता’ असं विचारलंत तर आदर्श दिवस ऐकायला मिळतो. ‘काल’ विचारलं की खरा दिवस बाहेर येतो. कुठे बसले, कुठे आडवे झाले, कोणतं काम अर्ध्यावर सोडलं, कुणाला हाक मारली, ते टिपत जा.

आपल्या घरांमध्ये एक अडचण हमखास येते. प्रश्न रुग्णाला विचारला तरी उत्तर दुसरंच कुणीतरी देतं. नवरा म्हणतो, “ती करते हो सगळं.” आई म्हणते, “त्याला काही करू देत नाही मी.” दोघांच्याही बोलण्यात माहिती आहे, पण ती वेगळ्या रकान्यात लिहा. मग “आई, दहा मिनिटं आम्ही दोघंच बोलतो, तुम्ही जरा बाहेर बसता का?” असं सरळ म्हणा. लघवीचा, शौचाचा, पडण्याचा विषय सासू-सासऱ्यांसमोर निघत नाही.

एकांतात हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. गेल्या महिन्यात पडलात का? पडला नाहीत, पण तोल गेला आणि सावरलात असं किती वेळा झालं? संडास मिळेल की नाही या धास्तीने कुठे जायचं टाळलंत का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण थांबतात. घाई करू नका.

टप्पा ३ : थकव्याची पट्टी आधी

एमएसचा थकवा म्हणजे दमणूक नव्हे. रात्रभर झोपूनही तो सकाळी अंगावर असू शकतो. शिवाय तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे घरात ‘आळस’ या नावाने ओळखला जातो. कामं बघण्याआधी तो मोजायचा.

सविस्तर मोजायचा तर एमएफआयएस ही २१ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या ४ आठवड्यांबद्दल विचारते आणि गुण ० ते ८४ असतात. वेळ कमी असेल तर ० ते १० ची साधी पट्टी पुरते. ० म्हणजे ताजेतवाने, १० म्हणजे बोलायचंही त्राण नाही. हा आकडा आत्ता घ्या, प्रत्येक मोठ्या कामाआधी घ्या आणि कामानंतर घ्या. एवढं एकच जमलं तरी तुमचा अहवाल इतरांपेक्षा उपयोगी ठरेल.

*तपासा :* पहिला आकडा ७ च्या वर असेल तर आज सगळं उरकायचा हट्ट धरू नका. दोन कामं बघा, बाकीची पुढच्या भेटीत.

टप्पा ४ : डोक्याच्या आणि हाताच्या चाचण्या, अंग दमण्याआधी

विचारांचा वेग तपासायला एसडीएमटी वापरतात. चिन्हांना अंक जुळवायचे, ९० सेकंद, बरोबर किती ते मोजायचं. उत्तरं लिहायला न लावता तोंडी घ्या, नाहीतर हाताच्या थरथरीमुळे गुण कमी येतील आणि तुम्ही दोष डोक्याला द्याल. चिन्हं नीट दिसतात का, हे आधी बघा. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेली असते आणि चष्म्याचा नंबर ठीक असूनही फिकट छपाई वाचता येत नाही, असे रुग्ण पुष्कळ. पुढच्या खेपेला साधारण ४ गुणांची घसरण दिसली तर ती मनावर घ्या.

‘माझं हल्ली लक्षात राहत नाही’ या तक्रारीवरून चाचणीचा अंदाज बांधू नका. एमएसमध्ये ही तक्रार पुष्कळदा खिन्नतेशी अधिक जुळते. उलट ज्यांचे गुण खरंच कमी येतात, त्यातल्या काहींना त्याची जाणीवच नसते. म्हणून घरच्यांना आठवणीबद्दल वेगळं विचारा आणि मनःस्थितीची चौकशी कधीही वगळू नका.

हातासाठी नऊ खुंट्यांची चाचणी घ्या. खुंट्या एकेक करून भोकात बसवायच्या, एकेक करून काढायच्या, लागलेली सेकंदं मोजायची. आधी सरावाचा हात, दोन वेळा. मग दुसरा, दोन वेळा.

आणि आत्ताच, अंग ताजं असताना, २५ फूट चालायची वेळ घ्या. म्हणजे ७.६२ मीटर. शक्य तितकं झपाट्याने, पण पडणार नाही इतपत. नेहमीची काठी किंवा वॉकर घेऊनच. भेट संपताना हीच चाल पुन्हा मोजायची आहे. दोन वेळांमधला फरक मला कुठल्याही एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

दोन भेटींमध्ये खुंट्यांच्या किंवा चालण्याच्या वेळेत २० टक्क्यांच्या आसपास वाढ झाली तर ती खरी घसरण समजतात. त्याहून कमी फरकावर इमले बांधू नका.

टप्पा ५ : बार्थेल भरताना

बार्थेल इंडेक्स १९६५ पासून वापरात आहे. खाणं, आंघोळ, दात-केस-दाढी, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना अशा १० बाबी आणि १०० गुण. सोपा आहे, म्हणूनच निष्काळजीपणे भरला जातो. ठरावीक चुका अशा :

‘करू शकतात’ ते भरलं जातं. भरायचं असतं ते ‘करतात’. आंघोळ स्वतः करता येते, पण बायको रोज घालते, तर आंघोळीचे गुण ०. वाईट वाटून वाढवू नका.

दाराबाहेर कुणी ‘पडशील हं’ म्हणून उभं राहतं, तरी ‘स्वावलंबी’ लिहिलं जातं. देखरेख लागत असेल तर ते स्वावलंबन धरत नाहीत.

काठी वापरतात म्हणून गुण कापले जातात. कापू नका, साधन चालतं. स्वतःचा कॅथेटर स्वतः नीट सांभाळणाऱ्यालाही लघवीच्या ताब्याचे पूर्ण १० गुण मिळतात. नवखे हे हमखास चुकवतात.

बार्थेल साधारण गेल्या २४ ते ४८ तासांबद्दल असतो. पक्षाघातासाठी ते ठीक आहे. एमएसमध्ये ते दोन दिवस बरे गेले की वाईट, यावर सगळं अवलंबून. म्हणून मी दोन रकाने करते, ‘बरा दिवस’ आणि ‘वाईट दिवस’, आणि महिन्यात वाईट दिवस अंदाजे किती ते खाली लिहिते. ही काही अधिकृत पद्धत नाही, माझी सोय आहे. अधिकृत कागदावर नेहमीचाच एक आकडा द्या, दुसरा शेऱ्यात घाला.

बार्थेलचं छत बुटकं आहे, हेही लक्षात ठेवा. एमएसच्या सुरुवातीच्या वर्षांत बहुतेकांना ९५-१०० मिळतात आणि त्यांचे हाल त्याच्या बाहेरच असतात. न्यूरोलॉजिस्टच्या कागदावरचा ईडीएसएस, म्हणजे एमएसमधल्या अपंगत्वाचा ० ते १० चा आकडा, हाही रोजच्या कामांचा आकडा नव्हे. मधल्या पट्ट्यात तो मुख्यतः चालण्यावर ठरतो. ६ म्हणजे साधारण एका बाजूच्या आधाराने १०० मीटर. ६ असलेली एक बाई सुईत दोरा ओवते आणि दुसरीला ब्लाउजचं हूक लागत नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही.

टप्पा ६ : मोरी, संडास, कपडे प्रत्यक्ष बघा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ऐकीव माहितीवर भागवू नका. संकोचाचा प्रश्न असेल तर कपड्यांवरच, कोरड्या मोरीत, कामाची नक्कल करून दाखवायला सांगा.

मोरीचा उंबरठा किती उंच आहे ते मोजा. पाय उचलताना पुढचा पंजा अडकतो का? बसायला पाट आहे, स्टूल आहे की प्लॅस्टिकची खुर्ची? ओल्या फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची सरकते. भरलेली बादली सरकवतात की उचलतात? मगाने डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटतात, आणि ज्यांना पायाखालची जमीन नीट जाणवत नाही त्यांचा तोल नेमका तेव्हाच जातो. उभ्याने आंघोळ करणाऱ्यांना हे आवर्जून विचारा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आंघोळ ‘शेवटच्या मगापर्यंत’ तपासू नका. अंग पुसणं, कपडे घालणं, उंबरठा ओलांडून खोलीत येऊन बसणं, इथपर्यंत ती एकच क्रिया आहे. कढत पाण्याने अंग तापतं आणि जाताना चांगले चाललेले पाय येताना दगा देतात. माझ्या नोंदीतल्या बऱ्याच पडण्याच्या घटना मोरीतून बाहेर येतानाच्या आहेत. पाणी किती गरम घेतात ते विचारा आणि थकव्याचा आकडा आंघोळीआधी, लगेच नंतर आणि अर्ध्या तासाने घ्या.

*सावध :* टॉवेलच्या दांडीला धरून उठत असतील तर तिथेच थांबवा. ती दांडी माणसाचं वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. ‘आधार आहे’ असं लिहू नका, ‘धोका आहे’ असं लिहा.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर बसणं आणि उठणं वेगवेगळं बघा. बहुतेकांना बसता येतं. उठताना कशाला धरतात? नळाला धरत असतील तर तेही लिहा. उकिडवं बसल्यावर पायाला झटके येतात का? रात्री किती वेळा उठतात, दिवा कुठे आहे, पलंगापासून किती पावलं आहेत आणि ‘लागली’ असं वाटल्यापासून किती वेळ धरवते, हे चारही विचारा. पावलं मोजून बघा. चालायला लागणारा वेळ धरवण्याच्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर अडचण लघवीइतकीच अंतराची आहे, आणि अंतराला उपाय करता येतो.

कपड्यांमध्ये ‘शर्ट घालता येतो’ एवढं पुरत नाही. बटणं, हूक, परकराची नाडी, चुडीदारची मोहरी, साडीच्या निऱ्या, प्रत्येक गोष्ट वेगळी बघा. साडी सोडून गाऊनवर आलेली बाई ‘कपडे स्वतः घालते’ असंच सांगेल. कधीपासून साडी नेसत नाही, हा प्रश्न विचारा. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं, असं कुणी म्हणालं तर लगेच लिहून घ्या. पायाची जाणीव किंवा पंजा उचलण्याची ताकद कमी झाल्याची ती खूण असू शकते.

ताठ झालेल्या पायांबद्दल एक ताकीद. काही जण त्या ताठरपणाच्याच जोरावर उभे राहतात. पलंगावरून उठताना तो कामी येतो का, हे बघितल्याशिवाय ‘ताठरपणा कमी करावा’ असा शेरा डॉक्टरांना पाठवू नका.

टप्पा ७ : स्वयंपाकघर आणि व्यवहार

यासाठी लॉटनची १९६९ ची यादी आहे. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार, अशा आठ बाबी. पण ती आपल्या घरात जशीच्या तशी भरली तर गंमत होते. पन्नाशीच्या पुरुषाला स्वयंपाकात ० मिळतो, कारण त्याने आयुष्यात कधी चहाही केलेला नसतो. तीन शेरे वापरा, ‘करतात’, ‘आजारामुळे सोडलं’ आणि ‘कधी केलंच नाही’. दुसऱ्या शेऱ्यापुढे कधी सोडलं ते लिहा.

बघण्यासाठी एक काम निवडा. मी चहा निवडते. गॅस पेटवणं, मोजून पाणी घालणं, दूध उतू जाण्याआधी बंद करणं, सांडशीने भांडं धरून गाळणं, कप उचलून नेणं, सगळं दहा मिनिटांत दिसतं. मधेच त्यांना एक साधा प्रश्न विचारा. बोलता बोलता गॅसकडे दुर्लक्ष झालं, तर दोन गोष्टी एकदम सांभाळणं जड जातंय हे कळतं. गरम भांड्याची परीक्षा घेऊ नका, बोटांवर आणि मनगटावर जुने चटके आहेत का ते बघा. जाणीव बोथट झालेल्या हाताला चटका उशिरा कळतो.

ज्यांचा रोजचा स्वयंपाक आहे त्यांना कणीक आणि पोळ्यांबद्दल विचाराच. कणीक मळायला जोर लागतो, लाटायला दोन्ही हातांचा मेळ लागतो आणि तव्यापुढे उष्णता असते. किती पोळ्यांनंतर थांबावं लागतं, तो आकडा लिहा. ‘चार पोळ्यांनंतर बसावं लागतं’ हे वाक्य डॉक्टरांनाही कळतं आणि सासूलाही.

पैशांसाठी खरा व्यवहार करायला लावू नका. वीजबिल दाखवून ‘शेवटची तारीख कोणती, रक्कम किती’ विचारा. ओटीपी वेळेत टाकता येतो का, यूपीआयवर रक्कम चुकली असं झालं का, ते विचारा. आठवड्याच्या औषधांची डबी मात्र समोर भरायला सांगा.

हे झालं की २५ फुटांची चाल पुन्हा मोजा.

टप्पा ८ : दुसऱ्या दिवशीचा फोन

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करा. “काल मी गेल्यावर किती वेळ झोपलात? संध्याकाळचं काय राहिलं? आज सकाळी उठताना आकडा किती?” तुमच्यासमोर सगळं करून दाखवणारा माणूस रात्री न जेवता झोपला असेल, तर त्याला ती कामं ‘रोज’ येत नाहीत. पाहुण्यांसमोर माणूस कंबर कसतोच, आणि आपण पाहुणेच असतो.

टप्पा ९ : कागदावर उतरवताना

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी हव्यात, करतात का, किती वेळ लागतो, कशाचा किंवा कुणाचा आधार, नंतर काय होतं. उदाहरण देते :

‘आंघोळ : स्टुलावर बसून स्वतः करतात, २५ मिनिटं. पाठ बहीण घासते. बाहेर येताना दाराची चौकट धरतात. थकवा आधी ३, नंतर ७. त्यानंतर ४० मिनिटं आडवं व्हावं लागतं. कोमट पाणी घेतलं त्या दिवशी थकवा ५.’

‘मध्यम मदत लागते’ या तीन शब्दांतून हे कुणालाच कळलं नसतं.

रुग्णाला स्वतःला कोणतं काम परत हवंय, हे शेवटी विचारून पहिल्या ओळीत लिहा. उत्तर अनेकदा अनपेक्षित असतं. आपण मोरीत दांड्या बसवायच्या विचारात असतो आणि त्यांना मुलीची वेणी घालायची असते.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अहवाल लागणार असेल तर आणखी काळजी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्पष्ट आहे. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, तुमच्या अहवालात ती लिहू नका. पण बऱ्या दिवशी बघून लिहिलेला ‘स्वावलंबी’ हा एक शब्द त्या टेबलावर माणसाच्या विरोधात जातो. तारीख, वेळ, हवामान, औषधाची वेळ आणि वाईट दिवसाचं वर्णन त्यात असू द्या.

*तपासा :* अहवाल देण्याआधी रुग्णाला वाचून दाखवा. ‘असंच होतं’ म्हणाले तर सही करा.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी, किंवा झटका येऊन स्थिती स्थिरावल्यावर. त्याच घरात, त्याच वेळी, त्याच क्रमाने, आणि जमलं तर तीच चप्पल पायात असताना.